शुक्रवार, अकरा वाजता

म्हापशात, पतसंस्थेच्या माडीवरचा हॉल.
तीन दिवसांचं प्रशिक्षण, आज दुसरा.
कोर्टानं पाठवलेल्या माणसांवर उपचार करणारे
आम्ही एकवीस जण, खुर्च्यांचं रिंगण,
गळ्यात नावाचं कार्ड,
मांडीवरच्या फायलीवर कुणाच्या तरी चहाचा गोल.

एर्मेलिंदा नोरोन्हा शिकवतात.
बांबोळीच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेली बाई.
फळ्यावर त्यांनी लिहिलं : तुम्ही कुणाचे?
आम्ही घाईघाईनं वहीत उतरवलं : रुग्णाचे.
काणकोणचा डॉक्टर तेवढा म्हणाला, मॅजिस्ट्रेटचे.
सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, एकटाच खरं बोलला.
अहवाल कुणाच्या टेबलावर जातो ते गिळून
कुणाला मन मोकळं करा म्हणू नका.
आधी सांगा,
यातलं काय माझ्यापाशी राहील
आणि काय तुमच्या कागदांत जाईल.

खिडकी लावली तरी बाजार वर येतच होता.
सुका बांगडा, खोल्याची मिरची,
मडकं बडवून दाखवणारी कुणी बाई,
आणि "वाट दी, वाट दी" करत
माथ्यावर केळीचे घड घेऊन धावणारे हमाल.

मग जोड्या पाडल्या.
एकानं समुपदेशक व्हायचं, एकानं कोर्टाचा माणूस.
माझ्या वाट्याला दुसरी खुर्ची आली.
समोर उल्हास पर्वतकर, प्रोबेशन खात्यातला,
पेनाचं टोपण काढून बसलेला,
मी बसते तसाच.

का आलात?
"कोर्टान धाडलां म्हूण."
हे माझ्याच तोंडून आलं, पण आवाज मी ओळखला.

मागच्या तीन वेळा का आला नाहीत?

आणि मला उत्तर येईना.
उत्तर येईना, कारण मी हा प्रश्न
कधी विचारलाच नव्हता.

फटू गडेकर, वय एकेचाळीस.
दारू, मारामारी, अटींवर जामीन.
दर शुक्रवारी अकरा वाजता ये, मी सांगितलं होतं,
कारण माझ्या डायरीत तोच चौकोन रिकामा होता.
पहिल्या दिवशी तो खुर्चीत कलून बसला,
डावा खांदा खाली सोडून.
मी नोंद केली : बसण्याची ढब बेफिकीर.
पुढचे तीन चौकोन कोरे गेले.
मी लिहिलं : उपचारास असहकार.
दोन शब्द.
ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नाही.
कोर्टानं ते जसेच्या तसे उचलले
आणि जामीन रद्द.

खाली एक हमाल थांबला होता,
ओझं उतरवून, टॉवेलानं मान पुसत.
ओझं नव्हतं तरी
त्याचा खांदा खालीच होता.

उल्हास अजून वाट बघत होता.
मी म्हटलं, "शुक्रारा बाजार आसता, बाब."
तो गोंधळला.
छापील कागदावर पुढचा प्रश्न शोधू लागला,
सातवा, मग आठवा.
त्यात तसा प्रश्न नव्हता.
माझ्याही कागदात कधी नव्हता.
एर्मेलिंदाबाई माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.
म्हणाल्या, खुर्च्या बदला.
मी लगेच उठले नाही. त्यांनीही घाई केली नाही.

दुपारी जेवणाची सुट्टी.
आमसुलाची कढी निवत चाललेली,
काणकोणचा डॉक्टर दुसरा बांगडा मागतोय,
आणि स्टँडवरून कंडक्टरची आरोळी,
कोलवाळ, कोलवाळ, पेडणें,
जणू कुठल्याही गावाची बस.

तिथल्या तुरुंगात
भेटीचा वार कोणता असतो,
इतकी वर्षं या कामात, मला ठाऊक नाही.
कुणाला तरी विचारायला हवं.
माझा कुठला वार मोकळा आहे
ते नंतर बघू.